भुलाबाईचं नाक

भादव्याची पुनव उलटली
आणि चक्कीच्या पट्ट्याला राळ लावता लावता
पोरगी म्हणाली,
बाबा, औंदा भुलाबाई आपण घडवू.
विकतच्या सगळ्या एकाच तोंडाच्या.

आपण म्हणजे मी.
तिची आई दिवस निघाला की विळा घेऊन सोयाबीनवर,
सांजेला येते तर लुगड्याच्या काठाला कुसं.

नाल्यावर गेलो. फावडं, टोपलं आणि नारंगी.
हो, नारंगीच नाव.
संत्र्याला दुहेरी बहर आला त्या साली जन्मली.
शाळेत मात्र तिनं आपल्या मनानं
नंदिनी लिहून टाकलंय.

पाणी निवळलेलं. तळचा खडा मोजता यावा इतकं.
काठाला कास फुललेली,
खंड्या एकदा निळा झाला
आणि पुन्हा सगळं होतं तसंच.
काळी चिकणमाती काढली, लोण्यावाणी.
येताना टेकडीवरच्या सीताफळांचे डोळे उघडले का पाहिलं.
दोनाचे उघडले होते, बाकीची झोपेत.
ती दोन तणसात दडवली, कोणाला सांगायचं नाही म्हणून.
(घरी पोचेस्तोवर तिनं तिघींना सांगितलं.)

पोतं उचलणारे हे हात,
दगडाला टाकी लावणारे.
भुलोजी बसला नीट, पागोटंही जमलं,
डोळ्यांना गुंजा लावल्या चार,
पण भुलाबाईचं नाक काही थांबेना.
लावलं की पडे, पुन्हा लावलं की पुन्हा.
"थुका लावा," म्हणाली नारंगी.
देवाला थुका लावत्यात का पोरी?
लावला. राह्यलं.

मग आमच्या घरची पाळी आली.
खाऊ असा पाहिजे की कोणाला ओळखू येऊ नये.
कोहळा किसला, कणीक मळली,
बोंडं तळायला मीच बसलो
आणि एक थेंब मनगटावर उडाला.

अंधार पडल्यावर ओसरीत अकरा पोरी,
गाणी संपली तशा डब्याभोवती.
गोड का तिखट?
वाजते का? हलवून पाहा.
डबा हलवला, गप्पच.
शिरा. केळं. सांजोरी. उकडलेली बरबटी.
नाही, नाही, नाही, आणि नारंगी अशी तोऱ्यात
की पाय जमिनीला लागेना.

ढिवराची कुंती दाराशी होती,
गाण्यात नुसते ओठ हलवणारी.
ती म्हणाली, "कोहळ्याचे बोंडं.
पण गूळ कमी पडला."
"तुले कसं समजलं वं?"
"वास आला. अन् काकाच्या हाताले चटका हाये."

दुसऱ्या रोजी कुंतीच्या दारी.
बाप दिवसभर तलावात कमरेएवढा.
डबा आला तो खालून ठिपकत,
काळं जांभळं पाणी, शेणसड्यावर डाग,
आणि उकडलेल्या शिंगाड्याचा तो गढूळ गोड वास
अख्ख्या मोहल्ल्यात.
आंधळ्यानंही ओळखलं असतं.

मी कुंपणाबाहेर थांबलो होतो, कंदील घेऊन.
नारंगीनं डब्याकडे पाहिलं, कुंतीकडे पाहिलं.
"चकली?" म्हणाली.
क्षणभर कोणी बोललं नाही.
मग दुसरी म्हणाली, "शंकरपाळे असन."
तिसरी, "नाही वं, अनारसे."
एकीनं तर वांग्याची भाजी म्हटलं,
आणि कुंती हसू दाबत नाही म्हणत गेली,
नाही म्हणत गेली,
इतक्या मोठ्यानं की बाप आतून बाहेर आला पाहायला.

असं करायला कोणी शिकवलं पोरीला,
मी विचारलं नाही.
माझ्याच्यानं तर झालं नसतं. मी पहिल्यांदाच बोलून गेलो असतो.

कोजागिरीला धांड्यांचं मखर बांधलं,
कणसं तशीच ठेवून, सुतळीनं.
दूध अंगणात आटलं, चारोळी थोडी, चांदणं फुकट.
त्या उजेडात दळणाचं पीठ माझ्या भुवयांवर दिसलं
आणि पोरी म्हणाल्या, काका म्हातारे झाले.
तेवढ्यात भुलाबाईचं नाक पुन्हा पडलं.
शोधलं. मुंग्यांनी हलवलं असेल,
नाही तर कोणी चकली समजून खाल्लं.

नारंगी म्हणते,
पुढच्या साली आधी नाक करू,
मग त्याला तोंड लावू.